गाण्यावरून फॅन फिक्शन स्पर्धा: गाण्याला नेमकं काम काय द्यायचं?

नवी मुंबईतल्या घणसोलीच्या एका वाचनगटाकडून आलेला प्रश्न थोडक्यात असा आहे: "आमच्या तीन सोसायट्यांनी मिळून गेल्या दिवाळीच्या सुट्टीत फॅन फिक्शन स्पर्धा घेतली. अट एकच होती, आवडत्या गाण्यावरून आवडत्या पात्रांची कथा लिहा. ४१ जणांनी नावं दिली, कथा आल्या ९. त्यातल्या ६ कथांत गाण्याचे शब्दच गद्यात उतरवले होते. निकालावरून परीक्षकांमध्ये मतभेद झाले. यंदा नियम कसे करावेत? गाण्याच्या ओळी कथेत छापल्या तर चालतात का? आणि वाचनाच्या कार्यक्रमात गाणी वाजवावीत का?"

प्रश्न वेगवेगळे दिसतात, पण कथांचा दर्जा आणि परीक्षकांचे मतभेद या दोन्ही तक्रारींचं मूळ त्या एका ओळीच्या अटीतच आहे. फॅन फिक्शन म्हणजे दुसऱ्याच्या कृतीतली पात्रं घेऊन चाहत्याने लिहिलेली कथा, तेव्हा ती लिहिणाऱ्यासमोर एक मूळ कृती असते: तिची पात्रं, त्यांचे स्वभाव, त्यांचं जग. तुम्ही त्यात गाणंही आणलंत, पण गाण्याने काय करायचं आणि पात्रांनी काय करायचं हे सांगितलं नाहीत. अशा वेळी लिहिणारा सोपा रस्ता धरतो. भावगीतात किंवा चित्रपटगीतात एक छोटी गोष्ट तयारच असते, कोणीतरी कोणाची तरी वाट पाहत असतं. ती गोष्ट उचलायची, पात्रांची नावं तिच्यावर चिकटवायची, की झाली कथा. यात लिहिणाऱ्याचा आळस नाही. अट वाचून कोणालाही हेच सुचेल. परीक्षकांचंही तेच झालं असणार. एकाने गाणं किती उतरलंय ते पाहिलं, दुसऱ्याने पात्र किती ओळखीचं वाटतं ते पाहिलं, आणि दोघांच्या बाजूने अट होती.

माझ्या मते अट अशी लिहावी: माणसं मूळ कृतीतून घ्या, घडण गाण्यातून घ्या, आणि प्रसंग असा लिहा जो या दोन्हींत नाही. घडण म्हणजे गाणं कसं उलगडतं ते. कुठून सुरू होतं, काय परत परत येतं, कुठे चढतं, कुठे थांबतं. हे एकदा लिहून दिलं की शब्दांचं गद्य करण्याची वाट बंद होते, कारण शब्द मागितलेलेच नाहीत.

नियमावलीत याच्या खाली दोन कसोट्या द्या, म्हणजे लेखकालाही स्वतःची कथा तपासता येईल. पहिली: कथेतून गाण्याचा उल्लेख पूर्ण काढून टाका. तरीही कथेच्या रचनेत ते गाणं ऐकू येत असेल तर गाण्याने काम केलंय. नायिका खिडकीत उभी आहे, शेजारच्या घरात रेडिओवर गाणं लागतं आणि तिला सगळं आठवतं, अशा कथेतून रेडिओ काढला की काहीच बिघडत नाही. म्हणजे गाणं नुसतं सजावटीला होतं. दुसरी: पात्रांची नावं बदलून पाहा. कथा जशीच्या तशी चालली तर ती फॅन फिक्शन नाही, स्वतंत्र कथा आहे. चांगली असेलही, पण या स्पर्धेची नाही.

गाण्याची घडण कथेत आणायची म्हणजे काय, हे लोकांना उदाहरणाने दाखवावं लागतं. नियमावलीसोबत एक पान यासाठी खर्च करा. सगळ्यात सोपं हत्यार ध्रुवपद आहे. ध्रुवपद प्रत्येक कडव्यानंतर तेच येतं, शब्द बदलत नाहीत, पण मधल्या कडव्यामुळे ऐकणाऱ्याच्या मनात त्याचा अर्थ बदललेला असतो. कथेत एखादं साधं, रोजचं वाक्य घ्यायचं आणि ते तीनदा आणायचं. दर वेळी बोलणारा किंवा कारण वेगळं.

गोविंद बल्लाळ देवल यांचं 'संगीत शारदा' (१८९९) घेऊ. पैशासाठी मुलगी म्हाताऱ्या भुजंगनाथाला द्यायला निघालेला कांचनभट, हतबल आई इंदिराकाकू आणि शारदा. लग्नाच्या आदल्या रात्रीचा एक प्रसंग कल्पनेने लिहायचा आहे. वाक्य आहे, "दिवा लहान कर." पहिल्यांदा कांचनभट म्हणतो, तेल जळतंय म्हणून. दुसऱ्यांदा इंदिराकाकू म्हणते, मुलीला आपले डोळे दिसू नयेत म्हणून. तिसऱ्यांदा अंथरुणातून शारदाच म्हणते, "आई, दिवा लहान कर." पोर रात्रभर जागीच होती आणि तिने सगळं ऐकलंय, हे आईला त्या एका वाक्यात कळतं. यात एकही गाणं वाजत नाही, पण ध्रुवपदाची रचना पुरी उतरली आहे, आणि ही माणसं शारदेच्या घरचीच आहेत, दुसरी कोणी असूच शकत नाहीत. इथे एक चूक हमखास होते. लेखक वाक्य दुसऱ्यांदा आणताना त्याचा बदललेला अर्थ समजावून सांगतो. ध्रुवपद परत येतं तेव्हा गायक त्याचा खुलासा करत नाही, लेखकानेही करू नये.

अंतऱ्याचं काम वेगळं. बहुतेक बंदिशींत अंतरा, म्हणजे बंदिशीचा दुसरा भाग, मध्य सप्तकातून निघून तार षड्जापर्यंत, म्हणजे वरच्या 'सा'पर्यंत, चढतो आणि पुन्हा खाली येऊन मुखड्याला, म्हणजे सुरुवातीच्या ओळीला, मिळतो. कथेत याचा उपयोग असा, की दोन-तृतीयांशाच्या आसपास पात्र त्याच्या नेहमीच्या आवाजाच्या वर जातं. एरवी कमी बोलणारा माणूस सलग सहा वाक्यं बोलतो, किंवा घराबाहेर न पडणारी बाई गच्चीवर जाते. पण नंतर खाली येणंही तितकंच महत्त्वाचं. बऱ्याच कथा वर चढतात आणि तिथेच संपतात. अंतरा तारसप्तकात सोडून देऊन गायक उठून गेला तर जसं वाटेल तसं वाचणाऱ्याला वाटतं.

तालाकडून शिकण्यासारखं तर खूप आहे. रूपक ताल ७ मात्रांचा, ३-२-२ असा. त्याचं वैशिष्ट्य म्हणजे समेवर, म्हणजे आवर्तनाच्या पहिल्या मात्रेवर, टाळी नसते, 'खाली' म्हणजे बिनटाळीची मात्रा असते. जिथे जोर यायचा तिथे हात उलटा पडतो. किर्लोस्करांच्या 'संगीत सौभद्र' नाटकात बलराम सुभद्रा दुर्योधनाला देण्याच्या बेतात असतो, आणि ज्या संन्याशाला त्याने आदराने घरात घेतलं तो अर्जुन निघतो. हे बलरामाला कळतं तो क्षण कथेची सम आहे. रूपकाच्या धर्तीवर लिहिणारा तिथे आरडाओरडा ठेवणार नाही. बलराम हातातली वस्तू खाली ठेवतो, एवढंच. जोर रिकाम्या जागेत. तिहाई ही दुसरी युक्ती: एकच तुकडा तीनदा, आणि तिसऱ्याचं शेवटचं अक्षर बरोबर समेवर. कथेच्या शेवटी एक कृती तीनदा येते, तिसऱ्या वेळी मुख्य घटना घडते आणि कथा तिथेच थांबते. समेवर आल्यानंतर आणखी एक परिच्छेद लिहून "आणि तिला जाणवलं की..." असं काही सांगितलं की तिहाईचा हिशेब चुकला.

लयीबद्दल एकच सूचना. विलंबितातून द्रुताकडे, म्हणजे संथ लयीतून जलद लयीकडे, जायचं असेल तर सुरुवातीला लांब वाक्यं हवीत. पहिल्याच परिच्छेदात चार-चार शब्दांची वाक्यं लिहिली तर पुढे वेग वाढवायला जागा उरत नाही. नवशिके इथे फार फसतात, कारण त्यांना तुटक वाक्यं म्हणजेच ताण वाटतो.

आता गाणी कशी द्यायची. "आवडतं गाणं घ्या" म्हटलं की निम्मे लोक त्याच चार-पाच गाण्यांवर येतात, आणि परीक्षक कथेला नव्हे, स्वतःच्या आवडत्या गाण्याला गुण देऊ लागतात. म्हणून गाणी तुम्ही ठरवा. १२ पुरेशी आहेत, त्यांपैकी किमान ४ शब्दांविना. सनई, बासरी, संतूर, ढोल-ताशा, काहीही. शब्दच नसले तर गद्यात उतरवणार काय? माझ्या अनुभवात दर्जा सगळ्यात जास्त सुधारतो तो या एका बदलाने. उरलेल्यांपैकी ४ लोकसंगीत किंवा पारंपरिक घ्या, ४ शब्दांची गाणी.

तुमच्या भागात यासाठी बाहेर शोधायला नको. ठाणे-वाशी मार्गावरच्या किंवा मुख्य मार्गावरच्या सकाळच्या लोकलमध्ये भजनी मंडळ टाळ घेऊन बसतं, तो ठेका हा उत्तम विषय आहे. ठाणे-रायगडच्या आगरी घरांत लग्नात धवलारीण धवले, म्हणजे लग्नविधींची पारंपरिक गाणी, म्हणते. जुन्या ठाणे जिल्ह्याच्या, आताच्या पालघरच्या, वारली पाड्यांवर भात कापणीच्या आणि दिवाळीच्या दिवसांत तारपा हे फुंकून वाजवायचं वाद्य वाजतं आणि त्याभोवती फेर धरला जातो. दिवाळीच्या पहाटे ठाण्यात तलावपाळीला आणि राम मारुती रोडला तरुणांची गर्दी लोटते, तिथला ढोल-ताशा. या गोष्टी मुलांनी ऐकलेल्या असतात, पण कथेचा विषय म्हणून कोणी त्यांच्याकडे बघायला सांगितलेलं नसतं. एक सावधगिरी: आगरी किंवा वारली बोली ज्याच्या कानावर लहानपणापासून आहे त्यानेच संवादात वापरावी. नुसते क्रियापदांचे शेवट बदलून केलेली बोली त्या लोकांना लगेच कळते आणि लागते.

गाण्याचं वाटप चिठ्ठ्या टाकून करा. ४८ तासांत एकदा बदलून घ्यायची मुभा द्या, त्यानंतर नाही. बदलाची मुभा नसेल तर ज्याला गाणं मुळीच भिडलं नाही तो गप्प बसतो आणि गळतो. दोनदा दिली तर सगळे पुन्हा त्याच लोकप्रिय गाण्यांवर येतात. सोबत ऐकण्याची पद्धतही लिहून द्या. पहिल्यांदा डोळे मिटून ऐकायचं आणि अंगावर काटा आला, हात थांबला, असं कुठे झालं तो मिनिट-सेकंद टिपायचा. दुसऱ्यांदा कागदावर रचना काढायची: काय किती वेळा परत आलं, वाद्य कुठे एकटं पडलं, आवाज कुठे चढला. तिसऱ्यांदा एकच प्रश्न घेऊन ऐकायचं, यात काय सांगितलेलं नाही? कथेचा प्रसंग बहुतेक वेळा या तिसऱ्या ऐकण्यातून मिळतो.

मूळ कृती कोणत्या चालतील, हे तुमच्या परीक्षकांवर अवलंबून आहे. सगळं खुलं ठेवलंत तर कोणी जपानी ॲनिमे घेईल, कोणी तीस वर्षांपूर्वीची मालिका, कोणी महाभारत. परीक्षकाला मूळच माहीत नसेल तर पात्राशी इमान राखलंय की नाही हे तो कसं ठरवणार? गट लहान असेल तर ५-६ मूळ कृतींची यादी द्या. खुलं ठेवायचं असेल तर प्रत्येक कथेवर ६० शब्दांपर्यंत ओळख सक्तीची करा: मूळ कृती, पात्रं कोण, कथा मूळ कथानकाच्या आधी घडते की नंतर की त्याला फाटा देऊन, आणि गाणं कोणतं, कोणाचं. खाली वयोगट आणि कथेत मृत्यू, हिंसा वगैरे असेल तर त्याची पूर्वसूचना. मुलांसाठी १० ते १४ आणि १५ ते १८ असे वेगळे गट हवेत. पात्र अल्पवयीन असेल तर प्रणयप्रसंग नाही, हा नियम सगळ्या गटांना लागू ठेवा आणि तो ठळक छापा. खऱ्या, हयात गायक-गायिकांना पात्र करून लिहिलेल्या कथाही घेऊ नका. ती माणसं आहेत, त्यांच्याबद्दल काल्पनिक प्रसंग पसरवणं अन्यायाचं आहे आणि बदनामीच्या दाव्यापर्यंत जाऊ शकतं.

शब्दमर्यादा ८०० ते १२००. मोठ्याने वाचताना मराठीत मिनिटाला साधारण ११०-१२० शब्द होतात, म्हणजे १२०० शब्दांची कथा दहा-अकरा मिनिटांची. निवडक ५ कथा वाचल्या तर तास भरत आला. याहून लांब कथा ऐकणाऱ्यांचं लक्ष धरून ठेवत नाही. ८०० पेक्षा कमी दिली तर ध्रुवपद तीनदा आणण्याइतकं अंतर मिळत नाही.

४१ मधले ३२ गळाले ते प्रामुख्याने वेळापत्रकामुळे, असा माझा अंदाज आहे. मराठी घरात दिवाळी आणि कथा यांचं नातं १९०९ च्या 'मनोरंजन'च्या दिवाळी अंकापासूनचं, पण वाचायला दिवाळी सोयीची असते, लिहायला नाही. वसुबारसेपासून भाऊबीजेपर्यंत घरात फराळ, पाहुणे, गावी जाणं. नोकरदारांना दोन-चार दिवसांची सुट्टी, मुलांना दोन-तीन आठवडे, तीही प्रत्येक शाळेच्या बोर्डाप्रमाणे वेगळी. म्हणून "सुट्टीत लिहा" असं न म्हणता सुट्टीच्या दोन्ही बाजू धरा. कोजागरीला गाणी जाहीर करा. तिथून लक्ष्मीपूजन साधारण १५ दिवसांवर, भाऊबीज १७ व्या दिवशी आणि त्रिपुरी पौर्णिमा ३० व्या दिवशी येते. तिथींमुळे एखादा दिवस पुढेमागे होतो, कॅलेंडर पाहून पक्कं करा. सहाव्या दिवशी प्रत्येकाने कथेचा पहिला परिच्छेद, १५० शब्द, पाठवायचा. त्याला गुण नाहीत. हा टप्पा सर्वांत महत्त्वाचा आहे, कारण ज्याने १५० शब्द लिहिले तो बहुतेक वेळा पुढे लिहितो, आणि ज्याने पाठवले नाहीत त्याला तुम्ही त्याच दिवशी फोन करू शकता. कुठे अडलंय ते विचारा, बहुतेकांचं अडलेलं दहा मिनिटांच्या बोलण्यात सुटतं. अंतिम तारीख २० वा दिवस, म्हणजे भाऊबीजेनंतर दोन-तीन दिवस शांत मिळतात. निकाल आणि वाचन त्रिपुरी पौर्णिमेला.

परीक्षकांना त्यामुळे नऊ दिवस मिळतात. ते पुरतात का, हे आकड्यांनी तपासा. समजा ४० कथा आल्या. एक कथा नीट वाचायला ८ मिनिटं आणि टिपण काढायला ५, म्हणजे ५२० मिनिटं, जवळपास पावणेनऊ तास. रोज चार-पाच कथा वाचल्या तर जमतं. एका रविवारी सगळ्या वाचायला घेतल्या तर शेवटच्या दहा कथांवर अन्याय होतो. प्रत्येक परीक्षकाला कथा वेगळ्या क्रमाने द्या, म्हणजे थकव्याचा तोटा एकाच कथेच्या वाट्याला येणार नाही.

परीक्षक तीन असावेत. एक संगीत कळणारा, एक फॅन फिक्शन वाचणारा, शक्यतो तरुण, आणि एक कथा संपादन केलेला. नावं काढून फक्त क्रमांक द्या. सोसायटीत शेजारच्या घरातल्या मुलीची कथा ओळखू येतेच, म्हणून तिसरा परीक्षक तरी बाहेरचा घ्या. गुण ५० पैकी: पात्राशी इमान १५, गाण्याच्या घडणीचा उपयोग १५, कथा म्हणून उभी राहते का १५, भाषा ५. भाषेला कमी गुण मुद्दाम ठेवलेत. तुमच्या भागातली बरीच मुलं इंग्रजी माध्यमात शिकतात, काही जण फोनवर बोलून टाइप करतात. ऱ्हस्व-दीर्घ चुकलं म्हणून चांगली कल्पना मागे पडू नये. शुद्धलेखन छापण्याआधी तुम्ही दुरुस्त करू शकता, कथा तुम्ही दुरुस्त करू शकत नाही.

मतभेदाचं एक कारण गणिती असतं आणि ते सहसा कोणाच्या लक्षात येत नाही. समजा एक परीक्षक सगळ्यांना ३२ ते ३८ च्या दरम्यान गुण देतो आणि दुसरा १५ ते ४८ च्या. बेरीज केली की निकाल जवळजवळ एकट्या दुसऱ्याचाच लागतो, कारण पहिल्याच्या गुणांत फरकच पडत नाही. म्हणून गुणांची बेरीज करू नका. प्रत्येक परीक्षकाच्या गुणांवरून त्याचे क्रमांक लावा, पहिला, दुसरा, तिसरा, आणि क्रमांकांची बेरीज करा. सगळ्यात कमी बेरीज तो विजेता. एखाद्या कथेच्या क्रमांकात दोन परीक्षकांमध्ये दहाहून जास्त अंतर पडलं तर तिघांनी ती एकत्र बसून मोठ्याने वाचावी आणि वरच्या दोन कसोट्या लावून बोलावं. गुण बदलायची सक्ती नको. बऱ्याचदा असं निघतं, की एकाला मूळ कृतीतला संदर्भच माहीत नव्हता.

कथा युनिकोडमध्ये मागवा. जुन्या फॉन्टमधली फाइल दुसऱ्या संगणकावर उघडली की अक्षरांचा चुराडा होतो. ज्येष्ठांकडून हस्तलिखिताचे फोटो घ्या आणि टाइप करायला मुलं नेमा, १२०० शब्दांना तासाभराहून थोडं जास्त लागतं. उचललेली किंवा यंत्राकडून लिहून घेतलेली कथा ओळखायला सहाव्या दिवसाचा परिच्छेद आणि ऐकतानाची टिपणं कामी येतात. ही टिपणं कथेसोबत जोडायला सांगा. शंका आली तर लेखकाशी पाच मिनिटं बोला, हा परत येणारा शब्द का निवडलास असं विचारा. ज्याने लिहिलंय त्याच्याकडे उत्तर असतं.

आता ओळी छापण्याबद्दल. चार ओळी घेतल्या तर चालतं असं सर्रास सांगितलं जातं, पण तसा नियम आपल्या कायद्यात नाही. स्वामित्व हक्क कायदा, १९५७ प्रमाणे गीतकार, संगीतकार आणि लेखक यांचा हक्क त्यांच्या हयातीत आणि मृत्यूनंतरच्या वर्षापासून पुढे ६० वर्षं राहतो. ध्वनिमुद्रणाचा हक्क वेगळा, तो प्रकाशनानंतरच्या वर्षापासून ६० वर्षांचा. फॅन फिक्शनसाठी स्वतंत्र सूट नाही. म्हणजे चालू मालिकेतली पात्रं आणि अलीकडचं गाणं घेऊन लिहिलेली कथा आपापसांत वाचणं वेगळं, आणि जाहिराती घेऊन तिचा अंक विकणं वेगळं. पैसे आले की धोका वाढतो. म्हणून प्रवेश फी ठेवू नका, अंक विकू नका, बक्षीस पुस्तकांचं द्या. छापील अंक किंवा पीडीएफ बाहेर जाणार असेल तर गाण्याची ओळ अजिबात न छापता नाव, गीतकार आणि संगीतकार यांचा उल्लेख करा. माझ्या मते तर कथेत ओळी नसलेल्याच बऱ्या, हक्काचा प्रश्न नसता तरी. वाचणाऱ्याच्या मनात चाल सुरू झाली की लेखकाचं पुढचं वाक्य त्याला ऐकूच येत नाही.

निर्धास्त लिहायचं असेल तर जुनं मराठी नाटक हाताशी आहे. अण्णासाहेब किर्लोस्कर १८८५ मध्ये गेले, देवल १९१६ मध्ये, राम गणेश गडकरी १९१९ मध्ये, कृष्णाजी प्रभाकर खाडिलकर १९४८ मध्ये. या सगळ्यांच्या नाटकांवरचे हक्क संपले आहेत. संतांचे अभंग, ओव्या, भारुडं तर सर्वांचीच. जपायचं ते एवढंच, की पद किंवा अभंग खुला असला तरी त्याला अलीकडे लावलेली चाल आणि त्याचं अलीकडचं ध्वनिमुद्रण खुलं नसतं. ठाणे जिल्ह्यातल्या गटाने गडकऱ्यांची पात्रं घेऊन लिहिलं तर मला वेगळा आनंद होईल. ठाण्यातल्या त्यांच्या नावाच्या रंगायतनासमोरून आपण जातो, त्यांची माणसं मात्र मुलांच्या ओळखीची राहिलेली नाहीत.

शेवटचा प्रश्न कार्यक्रमात गाणी वाजवण्याचा. रहिवाशांच्या सामायिक सभागृहात रहिवाशांसाठी ध्वनिमुद्रण ऐकवायला आणि हौशी मंडळींनी बिनतिकीट श्रोत्यांसमोर कला सादर करायला स्वामित्व हक्क कायद्याच्या कलम ५२ मध्ये सवलत आहे. भाड्याचा हॉल, प्रायोजक, बाहेरचे श्रोते असं झालं की या सवलतीवर विसंबू नका, परवाने घ्या. चित्रीकरण करून इंटरनेटवर टाकणं तर या सवलतीत बसतच नाही. पण कथेआधी गाणं वाजवू नये याचं माझं मुख्य कारण निराळं आहे. गाणं आधी ऐकवलं की श्रोते कथेत ते शोधत बसतात. कथा आधी वाचा, मग अर्धा मिनिट थांबा, आणि मग तुमच्यातल्याच कोणाला तरी पेटीवर किंवा बासरीवर गाण्याचा फक्त मुखडा वाजवू द्या. कथेत परत परत आलेलं वाक्य कुठून आलं होतं हे लोकांना त्या क्षणी कळतं. कार्यक्रम गच्चीवर किंवा मोकळ्या जागेत असेल तर ध्वनिक्षेपक रात्री १० ला बंद करावा लागतो, म्हणून पहिली कथा साडेसातला सुरू करा. पाच कथा, पाच मुखडे, बक्षिसं आणि बोलणं धरून दोन तासांत आटोपतं, आणि त्रिपुर लावायलाही वेळ उरतो.